पातूरचा काळा पाषाण आणि आज्ञाधारक द्रव्यें

अकोल्याहून वाशीमकडे निघालेला रस्ता दक्षिणेस सुमारें ३० किलोमीटर गेला म्हणजे पातूर गांव लागतें, आणि तेथून पुढें घाटाची चढण सुरू होते. वऱ्हाडची सपाट काळी जमीन येथें डोंगराच्या पायथ्याशीं येऊन थांबते. गांवाजवळच्या टेकडींत प्राचीन काळीं खोदलेलीं लेणीं आहेत. तीं पाहावयास येणारा मनुष्य खोदकाम पाहतो, तें कोणीं व केव्हां केलें असेल याचा विचार करतो आणि परत जातो. ज्या पाषाणांत तें कोरलें आहे त्या पाषाणाची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. काळा दगड वऱ्हाडांत इतका विपुल आहे कीं, त्यांत कुतूहल वाटण्यासारखें कांहीं असेल, ही कल्पनाच कोणाच्या मनांत येत नाहीं.

तरीहि एक साधा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. एकादा जोरदार लोहचुंबक कागदांत गुंडाळावा आणि या भागांतील ओढ्याच्या कोरड्या वाळूंतून फिरवावा. कागदाच्या बाहेरच्या अंगास बारीक काळे कण केसांसारखे उभे राहून चिकटतात. चुंबक कागदांतून काढून घेतला कीं ते गळून पडतात. हे कण डोंगरांतील पाषाण झिजून वाळूंत आलेले असतात. त्यांतील मुख्य खनिजास मॅग्नेटाइट म्हणतात. लोखंड व प्राणवायु यांच्या संयोगानें तें बनलेलें असून या पाषाणांत त्याच्याबरोबर टिटॅनियम हा धातूहि मिसळलेला असतो. पाषाणांत या कणांचें प्रमाण शेंकडा थोडेंच. बाकी सर्व भाग चुंबकास न जुमानणाऱ्या खनिजांचा. म्हणजे पातूरचा दगड हा एकजिनसी पदार्थ नव्हे. एका द्रव्याच्या पोटांत दुसऱ्या द्रव्याचे कण जेथल्या तेथें धरून ठेवलेला तो एक संमिश्र पदार्थ आहे.

संमिश्र पदार्थ ही वऱ्हाडांतील घरांस नवी गोष्ट नाहीं. जुन्या धाब्याच्या घराच्या भिंतीस लावावयाच्या मातींत कुटार कालवीत असत. नुसती माती वाळली म्हणजे तडकते, नुसत्या कुटाराची भिंत उभी राहत नाहीं. दोहोंचा मेळ घातला म्हणजे कुटार मातीस तडकूं देत नाहीं आणि माती कुटारास जागेवर धरते. सिमेंटच्या पोटांत लोखंडी सळ्या घालतात, त्याचेंहि मर्म हेंच. एक द्रव्य गुण पुरवितें व दुसरें आधार देतें. या सर्व उदाहरणांत मात्र गुण एकदां ठरला तो ठरला. भिंत सकाळीं मऊ आणि रात्रीं कठीण होत नाहीं.

गेल्या पाऊणशें वर्षांत शास्त्रज्ञांनीं याच्या पुढें पाऊल टाकलें आहे. बाहेरून हुकूम मिळतांच ज्यांचा गुण पालटतो आणि हुकूम मागें घेतां किंवा उलट हुकूम देतां पूर्ववत् होतो, असे संमिश्र पदार्थ त्यांनीं घडविले. हुकूम कधीं चुंबकाचा असतो, कधीं प्रकाशाचा, कधीं दोहोंचा मिळून. आजकाल बाजारांत यांस ‘स्मार्ट’ हें विशेषण लावून चष्मे, कांचा, कांचेवर चिकटवावयाचे पडदे इत्यादि वस्तु विकल्या जातात. शहाणपण निर्जीव वस्तूंत नसतें, हें कोणीहि समजतो. तेव्हां या वस्तूंत नक्की काय असतें आणि वऱ्हाडच्या उन्हांत त्या कितपत उपयोगीं पडतील, याचा विचार गृहस्थानें पैसे मोजण्यापूर्वींच करावा हें बरें. त्या विचारास पातूरच्या काळ्या दगडाची मोठीच मदत होते.

प्रथम चुंबकाचा हुकूम पाळणारा पदार्थ घेऊं. १९४८ सालच्या सुमारास अमेरिकेंतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंत जेकब रॅबिनो यांनीं तेलांत लोखंडाची अत्यंत बारीक पूड कालवून एक द्रव तयार केला. एरवीं तो तेलासारखा वाहतो. त्याच्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र निर्माण केलें कीं लोखंडाचे कण एकमेकांस ओढून रांगा धरतात, त्या रांगा एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पोंचतात, आणि क्षणाच्या अंशांत तो द्रव घट्ट होतो. क्षेत्र काढून घेतलें कीं पुनः पातळ. २००२ पासून कांहीं मोटारगाड्यांच्या धक्के सोसणाऱ्या नळ्यांत असा द्रव घातला जातो. रस्त्याचा खड्डा जसा येईल तसा विजेचा प्रवाह कमीअधिक करून गाडीची कमान मऊ किंवा कडक करतां येते. तेलाऐवजीं रबरांत लोहकण बसविले म्हणजे चुंबकानें ताठ होणारें रबर मिळतें.

या द्रवाचा एक विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. हुकूम संपला कीं तो सर्व विसरतो. शाळेंतील विजेची घंटा ज्यांनीं उघडून पाहिली असेल त्यांस हें चमत्कारिक वाटणार नाहीं. घंटेंतील मऊ लोखंड प्रवाह असेपर्यंत चुंबक असतें व प्रवाह तुटतांच नसतें. म्हणूनच घंटा वाजते. त्या जागीं पोलाद बसविलें तर तें चुंबकत्व धरून ठेवील, दांडी तशीच चिकटून राहील आणि घंटा मुकी होईल. हुकूम पाळणें हा एक गुण, आणि पाळलेला हुकूम लक्षांत ठेवणें हा दुसरा गुण. कोठें पहिलाच हवा असतो, कोठें दोन्ही हवे असतात.

स्मृति कोठून येते याचा उलगडा १९४९ मध्यें फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई नेएल यांनीं केला. पुढें १९७० सालीं त्यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचा विचार असा कीं, चुंबकीय द्रव्याच्या सूक्ष्म कणास चुंबकत्वाच्या दोन स्थिति असतात, एक या बाजूस तोंड केलेली व दुसरी उलट बाजूस. या दोहोंच्या मध्यें जणूं एक उंबरठा असतो. उष्णतेमुळें पदार्थांतील सर्व अणु सतत थरथरत असतात, आणि ती थरथर कणास उंबरठ्यापलीकडे ढकलूं पाहते. उंबरठा ठेंगणा असेल तर कण क्षणोक्षणीं इकडून तिकडे जातो व कांहींच लक्षांत ठेवीत नाहीं. उंच असेल तर आहे तेथेंच राहतो. हा उंबरठा कणाच्या आकारमानाबरोबर वाढतो, परंतु स्मृतीचा काळ त्याहून कितीतरी झपाट्यानें वाढतो. मॅग्नेटाइटचा कण २५ ते ३० नॅनोमीटरांहून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें चाळीस हजाराव्या भागाहून, लहान असेल तर साधारण उष्णतेंत तो स्मृतिहीन असतो. त्याहून थोडासाच मोठा झाला कीं तोच कण कोट्यवधि वर्षें दिशा विसरत नाहीं.

ही कोट्यवधि वर्षांची गोष्ट अलंकारिक नव्हे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दक्षिणेंतील विस्तीर्ण प्रदेशावर भेगांतून तप्त शिलारस वाहिला. त्याचे थरावर थर सांचून आजचा महाराष्ट्राचा बहुतेक भाग बनला. हे थर आजहि सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहेत, आणि पातूरचा डोंगर त्यांतलाच. शिलारस बाहेर पडतो त्या वेळीं त्याचें उष्णतामान ११०० अंशांच्या पुढें असतें. इतक्या उष्णतेंत कोणतेंहि लोहखनिज चुंबकत्व धरूं शकत नाहीं. प्रत्येक चुंबकीय द्रव्यास एक ठराविक उष्णतामान असतें, त्याच्यावर चुंबकत्व नाहींसें होतें. पिएर क्यूरी यांच्या नांवावरून त्यास क्यूरी-बिंदु म्हणतात. शुद्ध मॅग्नेटाइटचा क्यूरी-बिंदु सुमारें ५८० अंश आहे व टिटॅनियम मिसळला म्हणजे तो आणखी खालीं येतो. शिलारस गोठून या बिंदूच्या खालीं निवूं लागला, तेव्हां पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानें त्यांतील कणांस आपल्या दिशेंत वळविलें. दगड आणखी निवाला, उंबरठे उंच झाले, आणि ती दिशा पाषाणांत कायमची कोंडली गेली.

ही स्मृति वाचण्याचें काम १९५० नंतरच्या दशकांत सुरू झालें. क्लेग, डॉइश व ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनीं भारतांतील खडकांच्या चुंबकत्वाविषयींचे निष्कर्ष १९५६ सालीं प्रसिद्ध केले. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉइश, राधाकृष्णमूर्ति व सहस्रबुद्धे यांनीं दक्षिणेंतील या काळ्या पाषाणाचा अभ्यास करून १९५९ मध्यें आपला निबंध छापला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची रेषा विषुववृत्ताजवळ आडवी असते व ध्रुवांकडे जावें तसतशी ती अधिकाधिक कलते. म्हणून कणांचा कल मोजला कीं खडक निवाला त्या वेळीं कोणत्या अक्षांशावर होता तें काढतां येतें. पातूर आज विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेवीस अंशांवर आहे. पाषाणाची साक्ष अशी कीं, तो निवाला तेव्हां ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें ३० अंशांवर होती. कित्येक थरांत तर दिशा आजच्या उलट सांपडते, कारण त्या काळीं पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटलेले होते. भरतभूमि हजारों किलोमीटर उत्तरेस सरकत आली याचा जो पुरावा आहे, त्याचा एक भाग चुंबकाला चिकटणाऱ्या या यःकश्चित् कणांनीं सांभाळून ठेवला आहे.

यांतच एक सावधगिरीची सूचना आहे. दगड खाणींतून फोडून काढला कीं कणांचें चुंबकत्व जात नाहीं, पण तो मूळ कोणत्या दिशेस तोंड करून बसला होता हें कळेनासें होतें. म्हणून संशोधक नमुना काढण्यापूर्वीं त्यावर उत्तर दिशा व आडवी पातळी यांच्या खुणा करतात. खूण न करतां काढलेला दगड रस्त्याच्या खडीस उपयोगी. इतिहासास तो मुका झालेला असतो. संमिश्र पदार्थांत आधार देणाऱ्या भागाची योग्यता किती मोठी असते, तें यावरून कळतें. कणांजवळ स्मृति आहे. ती अर्थपूर्ण ठेवतो तो त्यांस जागेवर धरणारा पाषाण.

आतां प्रकाशाचा हुकूम. सर्वांत परिचित उदाहरण उन्हांत काळ्या होणाऱ्या चष्म्याचें. अमेरिकेंतील कॉर्निंग या कांच-कारखान्यांत आर्मिस्टेड व स्टुकी यांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभीं अशी कांच सिद्ध केली. तिच्या पोटांत चांदी व क्लोरीन यांच्या संयुगाचे कण विखुरलेले असतात. ते इतके सूक्ष्म कीं एरवीं कांच स्वच्छच दिसते. उन्हांतील जंबुपार किरण पडले कीं कणांतील चांदी सुटी होते व कांच काळवंडते. जुन्या फोटोच्या फिल्मवरहि चांदीच्या संयुगावर प्रकाश पडून असाच बदल होत असे. मग फिल्म कायमची काळी कां व्हावी आणि चष्मा सावलींत पुनः पांढरा कां व्हावा? फिल्म रसायनांत धुतली जाई व चांदीचा जोडीदार तेथून निघून जाई. कांचेंत सुटा झालेला क्लोरीन कोठें जाऊं शकत नाहीं. ऊन सरलें कीं तो पुनः चांदीस मिळतो. येथेंहि कणास कोंडून धरणारी कांच हीच परतीची हमी होय. पुढें प्लॅस्टिकच्या भिंगांत चांदीऐवजीं सेंद्रिय रंगद्रव्यें घालूं लागले. तत्त्व मात्र प्रकाशानें एका स्थितींतून दुसरींत नेण्याचेंच राहिलें.

प्रकाश व चुंबक यांचें नातें मायकेल फॅरडे यांनीं १८४५ सालीं दाखविलें. शिशाच्या जड कांचेंतून एकाच पातळींत कंप पावणारा प्रकाश त्यांनीं नेला आणि कांचेजवळ प्रबल चुंबक आणला, तेव्हां प्रकाशाची कंपपातळी किंचित् वळली. १८७७ मध्यें जॉन केर यांनीं चुंबकाच्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशांतहि असें वळण दाखविलें. शंभराहून अधिक वर्षांनीं या ज्ञानाचें एक घरगुती फळ आलें. १९९२ मध्यें बाजारांत आलेल्या मिनिडिस्क या संगीताच्या तबकडींत धातूंचा एक पातळ चुंबकीय थर असे. लेसरच्या प्रकाशानें त्याचा अत्यंत सूक्ष्म ठिपका क्यूरी-बिंदूच्या आसपास तापवीत, जवळच्या चुंबकानें त्यास दिशा देत, आणि ठिपका निवतांच ती दिशा तेथें कोंडली जाई. वाचण्याच्या वेळीं परतलेल्या प्रकाशाचें वळण मोजीत. तापविणें, दिशा देणें आणि निवूं देणें, हीच रीति शिलारसानें पातूरच्या डोंगरांत अवलंबिली होती. डोंगरास त्याकरितां दीर्घ काळ लागला. तबकडीस सेकंदाचा अल्पांश पुरे.

तापविल्यावांचून, केवळ प्रकाशाच्या रंगानें चुंबकत्व कमीअधिक करतां येईल काय? १९९६ सालीं साटो, इयोदा, फुजिशिमा व हाशिमोतो या जपानी शास्त्रज्ञांनीं त्याचें होकारार्थी उत्तर दिलें. प्रशियन निळा म्हणून जो रंग चित्रकारांस ठाऊक आहे, त्याच्या कुळांतील कोबाल्ट व लोह यांचें एक संयुग त्यांनीं घेतलें. तांबडा प्रकाश टाकला कीं त्याचें चुंबकत्व वाढे आणि निळा टाकला कीं घटे. शोध मोठा सुंदर. परंतु तें चुंबकत्व शून्याखालीं सुमारें २५४ अंशांपर्यंतच टिकत असे. वैशाखांतील वऱ्हाड आणि ती थंडी यांच्यामध्यें जवळ जवळ तीनशें अंशांचें अंतर आहे. त्यानंतर अधिक उष्णतेंत चालणारीं द्रव्यें शोधण्याचे प्रयत्न होत आले आहेत, आणि या क्षेत्रांतील खरी झुंज उष्णतेशींच आहे.

याचें कारण नेएल यांच्या उंबरठ्याकडे पाहतां उघड होतें. उष्णता वाढली कीं थरथर वाढते, आणि ज्या उंबरठ्यावर पदार्थाची सारी मदार असते तो पुरा पडत नाहीं. उन्हांत काळ्या होणाऱ्या चष्म्याचा अनुभवहि तसाच आहे. उष्णतेंत सुटी चांदी व क्लोरीन लौकर एकत्र येतात. म्हणून हिमालयाच्या थंड उन्हांत जो चष्मा चांगला काळा होतो तोच ४५ अंशांच्या दुपारीं तितका काळा होत नाहीं. ज्या दिवशीं सावलीची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवशीं तो कांहींसा कमी पडतो. मोटारींत बसलें असतां समोरची कांच जंबुपार किरण अडविते, त्यामुळें तेथेंहि पुष्कळ चष्मे नीट काळे होत नाहींत. हा वस्तूचा दोष म्हणतां येत नाहीं. तिला मिळणारा हुकूमच अपुरा असतो.

घराच्या खिडकीसाठीं मात्र एक द्रव्य आशादायक आहे. व्हॅनेडियमचा एक ऑक्साइड ६८ अंशांवर आपली अंतर्गत रचना पालटतो, असें १९५९ सालीं मॉरिन यांनीं दाखविलें. त्या उष्णतामानाखालीं तो तांबड्यापलीकडील उष्ण किरण आंत जाऊं देतो व त्याच्यावर अडवितो. डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशांत फारसा फरक पडत नाहीं. म्हणजे हिवाळ्यांत ऊब आंत येईल आणि उन्हाळ्यांत उजेड येऊन धग बाहेर राहील. ६८ अंश ही मर्यादा खिडकीच्या कांचेस फार उंच. पण त्यांत थोडा टंग्स्टन मिसळला म्हणजे ती पुष्कळ खालीं आणतां येते. या द्रव्याचे कण पारदर्शक पापुद्र्यांत विखरून तो कांचेवर चिकटवावा, अशी योजना आहे. अडचणीहि आहेत. कांचेस पिवळसर झांक येते. अडविल्या जाणाऱ्या उष्णतेचें प्रमाण अपेक्षेइतकें मोठें नसतें. आणि हवा व ओल लागली तर त्या ऑक्साइडचें रूपांतर होऊन तो निकामी होतो. त्यास वर्षानुवर्षें सांभाळील असें आवरण शोधणें हें काम मूळ शोधाइतकेंच महत्त्वाचें आहे. टंग्स्टनच्या ऑक्साइडचा पातळ थर विजेच्या प्रवाहानें निळा करण्याची निराळी रीतिहि आहे. तिच्यावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत पुष्कळ संशोधन झालें आहे.

यावरून घरांतील कर्त्या माणसानें दुकानदारास कोणते प्रश्न विचारावेत हें सहज ठरतें. हा पदार्थ कशाच्या हुकमानें पालटतो, ऊन, उष्णता, चुंबक कीं वीज? हुकूम मागें घेतल्यावर तो आपण होऊन परत येतो कीं त्यास परत आणावें लागतें? किती उष्णतेपर्यंत त्याचा भरंवसा धरावा? आणि त्यांतील कणांस धरून ठेवणारें द्रव्य किती वर्षें टिकेल? या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं तर वस्तु घ्यावी. नुसतें ‘स्मार्ट’ हें विशेषण ऐकून घेऊं नये. पातूरसारख्या गांवीं जेथें घरें एप्रिलपासून तापूं लागतात, तेथें म्हातारीं माणसें व तान्हीं मुलें यांस धगीपासून वांचविणारी कांच खरोखर सिद्ध झाली तर तिचा उपकार मोठा होईल. तोंपर्यंत जाड भिंत, ओलावलेला वाळ्याचा पडदा आणि दारापुढील निंबाची सावली यांस निरोप देण्याची घाई करूं नये.

ओढ्याच्या वाळूंत चुंबक फिरविण्याचा प्रयोग मुलांकडून अवश्य करवावा. कागदावर उभे राहिलेले ते काळे कण पाहतांना एवढें सांगावें कीं, डोंगरांत असतांना त्यांस एकच हुकूम मिळाला होता आणि तो त्यांनीं ६ कोटि ६० लक्ष वर्षें पाळला; वाळूंत आल्यावर ते आपली जागा सोडून मोकळे झाले, म्हणून कोणत्याहि चुंबकामागें धांवतात.